३ तासांचे ३३ तास

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात राहणाऱ्या एका आईने हे लिहिलं आहे. त्यांचा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिथे डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, हातात पडायचा तर ७५ तासांची समाजसेवा पूर्ण व्हावी लागते. मुलाचे ४२ तास झाले आहेत, ३३ बाकी आहेत. मुलगा म्हणतो, "सक्तीने करायची ती सेवा कसली? मला करायची तेव्हा मी मनापासून करेन." वडिलांच्या एका मित्राची नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे. तिच्या गणेशोत्सवात मुलाने ३ तास जेवण वाढलं होतं. मित्र ३३ तासांच्या फॉर्मवर सही करायला तयार आहे. वडिलांचं म्हणणं, सगळेच असं करतात, पोराला कॉलेजच्या अर्जांकडे बघू दे. घरात सासरे आहेत, त्यांना पार्किन्सन्स आहे. मुलगा रोज संध्याकाळी त्यांना फिरवून आणतो. दारात त्यांचे पाय थिजले की "एक-दोन, एक-दोन" म्हणत त्यांना बाहेर काढतो. याचं एक मिनिटही शाळा धरत नाही, हे आईला लागलं आहे. त्या लिहितात, "माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जन्मभर लोकांच्या बाळंतपणांना आणि आजारपणांना धावली. तिने कधी तास मोजले नाहीत. मी आता काय करू? मुलावर सक्ती करू, सही घेऊन टाकू, की मुलाच्या तत्त्वामागे उभी राहू?"

ताई,

सहीचं आधी सांगते, म्हणजे तो विषय टांगता राहणार नाही. सही घेऊ नका. ३ च्या शेजारी आणखी एक ३ लिहायचा, एवढंच ते काम आहे, आणि म्हणूनच ते इतकं सोपं वाटतंय. पण याच वर्षी तुमचा मुलगा कॉलेजच्या अर्जावर "यात लिहिलेलं सगळं खरं आहे" अशी स्वतःच्या नावाची सही करणार आहे. त्याच महिन्यात घरातली मोठी माणसं त्याला दुसऱ्या एका कागदावर खोटं लिहून देणार असतील, तर त्या पहिल्या सहीला त्याने काय किंमत द्यायची? आणि शाळेने फोन करून विचारलंच, तर अडचणीत येणार तो मित्र, त्याची संस्था आणि त्या संस्थेत खरोखर राबणारी बाकीची मुलं. वाढलेले ३ तास मात्र खरे आहेत. शाळेच्या नियमात बसत असतील तर तेवढेच लिहून घ्या. मग उरतात ३०. शनिवारी ३ तास धरले तर दहा शनिवार. आकडा असा मांडला की त्याचा धाक बराच उतरतो.

एवढं लिहून मला थांबता आलं असतं. पण तुमचं खरं दुखणं सहीत नाहीये. मुलाच्या वाक्याने तुम्ही अडखळला आहात. "सक्तीने करायची ती सेवा कसली?" या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, म्हणून तुम्ही आजीकडे वळलात आणि तिथे तर मुलाचीच बाजू भक्कम झाली. तेव्हा त्या वाक्याबद्दल बोलू या.

मी कुठून बोलते आहे ते सांगते. मी बरीच वर्षं एका फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या केंद्रात, शनिवारच्या स्वयंसेवकांच्या पाळ्या लावायचे. शाळांची मुलं तास भरायला येत, त्यांचे फॉर्म माझ्यापुढे येत, सह्या मी करत असे. म्हणजे हा प्रश्न मी आईच्या खुर्चीतून कमी आणि टेबलाच्या पलीकडून जास्त पाहिला आहे. तिथून तो निराळा दिसतो.

आधी नियम नेमका काय आहे ते बघा, कारण तुमच्या पत्रात तो फक्त तासांच्या रूपात आला आहे. मेरीलँडच्या शिक्षण मंडळाने हा नियम १९९२ मध्ये केला. डिप्लोमासाठी असं काम राज्यभर सक्तीचं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य, आणि १९९७ साली बाहेर पडलेल्या मुलांना तो पहिल्यांदा लागू झाला. त्याचं नाव "समाजसेवा" असं नाहीच. त्याला सर्व्हिस-लर्निंग म्हणतात, आणि त्याचे तीन भाग मानले आहेत: आधी तयारी, मग प्रत्यक्ष काम, मग त्यावर विचार. तयारी म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची अडचण काय आहे हे समजून घेणं. शेवटचा भाग म्हणजे आपण काय पाहिलं, त्यातून काय कळलं, हे लिहून किंवा बोलून काढणं. राज्याने चांगल्या कामाच्या ज्या कसोट्या ठरवल्या आहेत, त्यातली पहिली आहे की ते काम समाजाची खरी गरज भागवणारं असावं. प्रत्येक काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, अंमलबजावणीची पद्धत थोडी वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी काही तास मिडल स्कूलच्या वर्गातल्या प्रकल्पांतूनच जमा होतात, तुमच्या मुलाचे ४२ तासही बहुधा त्यातूनच आले असतील.

आता प्रत्यक्ष व्यवहारात पहिला आणि तिसरा भाग गळून पडतो, मधला उरतो आणि त्याचंही घड्याळ होतं. पालक विचारतात, "किती झाले?" मुलं विचारतात, "किती मिळतील?" माझ्या टेबलाशी मे महिन्यात घाबऱ्या चेहऱ्याने मुलं यायची आणि "एका दिवसात आठ तास मिळतील का" असं विचारायची. राग त्यांचा यायचा नाही. कुणीतरी त्यांना चार वर्षं फक्त आकडा सांगितला होता. तुमच्या मुलाची चीड जर या घड्याळाबद्दल असेल, तर ती रास्त आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तुम्हीही त्याला तसं सांगा.

सक्तीवरचा त्याचा आक्षेपही पोरकट नाही. नव्वदच्या दशकात पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना या तीन राज्यांतली कुटुंबं याच मुद्द्यावर आपापल्या शाळांविरुद्ध कोर्टात गेली होती. गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी बंद करणारी अमेरिकन राज्यघटनेची १८६५ ची तेरावी दुरुस्ती त्यांनी पुढे केली. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम इथल्या शाळांचा नियम ६० तासांचा होता. कोर्टांनी तिन्ही ठिकाणी निकाल शाळांच्या बाजूने दिला. हे शिक्षणाचा भाग म्हणून केलेलं काम आहे, त्याला चाकरी म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मुलाला हे वाचायला द्या. आपला प्रश्न कुणीतरी इतका गंभीरपणे विचारला होता हे कळलं, की सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज आपोआप खाली येतो. हा माझा अनुभव आहे.

पण कायदा झाला बाजूला. तुमच्या मनातलं गृहीतक असं आहे की सेवा ही मनातूनच उगवायला हवी आणि आजीची तशी उगवलेली होती. ताई, थोडं जपून विचारते. तुमच्या आजीला, "आज माझं मन नाही, मी येत नाही" असं म्हणायची मुभा होती का? शेजारची सून अडली आणि मध्यरात्री कुणी कडी वाजवली, तर आजीला पर्याय होता का? मला वाटतं, त्यांच्यावरची सक्ती कागदावर लिहिलेली नव्हती एवढाच फरक. गावाने, नात्याने, बाईच्या जातीला लागलेल्या वळणाने ती लादलेली होती. तास त्यांनी मोजले नाहीत हे खरं, पण ते मोजायची कुणाला गरजही वाटली नाही. यात आजींचं मोठेपण कणभरही कमी होत नाही. उलट मला तर त्या जास्त मोठ्या वाटतात. मन असेल-नसेल, त्या उठून जात होत्या. आणि ज्या बाईच्या उशाशी त्या बसल्या, तिला त्यांच्या मनात काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी आलं होतं, हे तिला पुरेसं होतं.

माझंच सांगते. कॉलेजात मी राष्ट्रीय सेवा योजनेत गेले ती सवलतीच्या गुणांसाठी. ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झाली, आणि तिथेही दोन वर्षांत २४० तास असा हिशोबच असतो. हिवाळी शिबिरात आम्ही एका गावात शोषखड्डे खणले. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. तिसऱ्या दिवशी ज्यांच्या दारात आम्ही खणत होतो त्या बाईंनी मोरीचं पाणी आमच्या समोर त्या खड्ड्यात सोडलं आणि ते कुठे जातं ते वाकून बघत राहिल्या. अंगणातला चिखल हटणार होता. त्या इतका वेळ तिथे बघत उभ्या होत्या की मी कुदळ ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझं मन तिथे त्या दिवशी आलं. आधी हात आले होते, सक्तीने आले होते.

म्हणून तुमच्या मुलाला मी म्हणेन, "मनापासून" ही अट तू स्वतःवर घालतो आहेस ते चांगलंच आहे, पण ती दारावरची पाटी करू नकोस. मन आधी आणि काम नंतर, असाच क्रम लागतो असं नाही.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या विद्यार्थ्यांना आपल्यावर बाहेरून दाब आहे असं फार वाटत होतं, त्यांच्यात पुढे स्वतःहून असं काम करण्याची इच्छा अशा सक्तीनंतर कमी होऊ शकते, असं त्यांना दिसलं. म्हणजे तुमच्या मुलाला जी भीती वाटते ती निराधार नाही. पण त्यातून घेण्यासारखा धडा असा की कुठे, कुणासाठी, कोणतं काम, हे ठरवायची मोकळीक जितकी जास्त, तितका तो दाब कमी जाणवतो. नियम तुमच्या हातात नाही. निवड आहे, आणि ती पूर्णपणे मुलाच्या हातात द्या. तुम्ही यादी काढू नका, फोन करू नका, गाडीत बसवून नेऊ नका. सक्ती राज्याने केली आहे तेवढी पुरे, त्यावर आईची चढवू नका.

आता टेबलाच्या पलीकडचं. एक मुलगा आमच्याकडे २० तासांसाठी यायचा. कानात इअरफोन, नजर खाली. त्याचं काम डबाबंद अन्न लावून ठेवायचं: तारीख बघायची, फुगलेले आणि शिवणीवर चेपलेले डबे बाजूला काढायचे, बाकीचे फळीवर. चौथ्या की पाचव्या शनिवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ती लाल स्वेटरवाली आजी दर वेळी सूपचे डबे घेते आणि दारापाशी परत ठेवून जाते." माझ्या हे कधी लक्षातही आलं नव्हतं. मी त्या बाईंना विचारलं. त्यांच्या बोटांना संधिवात होता, ओपनर फिरवता येत नव्हता, आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. त्या मुलाने पुढच्या वेळी एक क्रेट वेगळा काढला, फक्त कडी ओढून उघडायच्या डब्यांचा. त्यावर मार्करने एक हात काढला, बोट कडीत अडकलेलं. तो क्रेट पुढे कायमचा झाला. तो मुलगा मात्र २० तास झाल्यावर परत आला नाही.

आणि एक दुसरी मुलगी होती. तिला काहीही दिसलं नाही, तिने काहीही बदललं नाही. ३० तास तिने पुठ्ठ्याची खोकी कापून, सपाट करून, बांधून ठेवली. ती नसती तर तो ढीग माझ्या सत्तरीच्या सहकाऱ्याला उचलावा लागला असता. त्याची कंबर त्या वर्षी वाचली. तिच्या मनात काय होतं मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. मी दोघांच्याही फॉर्मवर सारख्याच समाधानाने सही केली.

मला तुमच्या घरात हा प्रश्न असा फिरवायचा आहे. "माझं मन यात आहे का?" हा मुलाचा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवा. त्याऐवजी तो न गेल्याने ज्याचं काहीतरी अडेल, असं माणूस कोण आहे, ते शोधू द्या. शनिवारी दहा वाजता तो आला नाही, तर कुणाला कळेल? जिथे कुणालाच कळणार नाही अशा ठिकाणी तास भरले, तर ते त्याला खोटेच वाटतील, आणि त्याचा नियमावरचा राग खराच ठरेल. मोठमोठ्या एक-दिवसीय कार्यक्रमांत, जिथे शंभर मुलं एकसारखे टी-शर्ट घालून फोटो काढतात, तिथे असं बरेचदा होतं. लहान जागा शोधा. जिथे चार माणसं काम करतात आणि पाचवं हवं असतं.

इथे मला तुमचे सासरे आठवतात.

घरातल्या माणसाची सेवा शाळा धरत नाही याने तुम्ही दुखावलात. दुखावणं मला कळतं. पण त्यामागचं कारण अपमानाचं नाही. नियमाचा हेतू असा की मुलाने स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडून अशा माणसासाठी काम करावं, ज्याच्याशी त्याचं काहीच नातं नाही. शिवाय घरातल्या कामाला साक्ष आईवडिलांची, त्यामुळे बहुतेक ठिकाणी आईवडिलांची सही चालतही नाही. पण या कामाला जागा मिळते ती दुसरीकडे. कॉलेजांचा जो कॉमन अ‍ॅप नावाचा अर्ज आहे, त्यात दहा उपक्रम लिहिता येतात आणि त्यांच्या प्रकारांत "कौटुंबिक जबाबदाऱ्या" असा एक स्वतंत्र प्रकार आहे. वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं मिळतात. तुमच्या मुलाने ते भरलं आहे का? बहुतेक आपली मुलं तिथे हे लिहितच नाहीत, कारण आपणच त्यांना सांगितलेलं असतं की घरचं काम ते काय सांगायचं. आज रात्री विचारा.

आणि त्याने तुमच्या घरात जे कमावलं आहे त्याकडे नीट बघा. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात, वळताना, अरुंद जागेत. तालात मोजलं, किंवा जमिनीवर एखादी रेघ दाखवून "ही ओलांडा" म्हटलं, की पाऊल सुटायला मदत होते. फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. तुमच्या मुलाच्या हाताला ते रोजच्या सवयीने बसलं आहे. ओढायचं नाही, घाई करायची नाही, ताल द्यायचा आणि थांबायचं. सतरा वर्षांच्या किती मुलांना हे येतं? सीनियर सेंटरमधल्या, म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्रातल्या व्यायामवर्गाला, पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या एखाद्या गटाला असा मुलगा शनिवारी मिळाला तर तिथली माणसं त्याची वाट बघतील. खुर्च्या मांडायला, उठताना कोपराला आधार द्यायला, मुलांपासून दूर राहणाऱ्या एखाद्या आजोबांना फोनवरचा व्हिडिओ कॉल लावून द्यायला. हे त्याला सुचवा, पण एकदाच. त्याला वेगळंच काही हवं असेल, लायब्ररीत लहान मुलांना वाचून दाखवायचं, ओढ्याकाठचा कचरा उचलायचा, तर ते. कदाचित घरी रोज तेच करणाऱ्या मुलाला शनिवारी दुसरं काहीतरी हवं असेल, आणि तसं असेल तर तेही बरोबर आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी मात्र आधीच बघून घ्या, नाहीतर काम होतं आणि तास नाकारले जातात. शाळेत या विषयाचा एक समन्वयक असतो. मुलाने त्याला आधी भेटून विचारावं: ही संस्था चालेल का, फॉर्म कोणता, शेवटची तारीख काय. काम सुरू करण्याआधी विचारावं, नंतर नाही. धंदेवाईक आस्थापनेतलं काम साधारणपणे धरत नाहीत. देवळातल्या किंवा चर्चमधल्या कामाचं असं की पूजेची तयारी बहुधा धरली जात नाही, पण तिथून गरजूंसाठी जेवण जात असेल तर ते धरलं जाऊ शकतं. हे काउंटीगणिक बदलतं, म्हणून विचारणंच बरं. प्रत्येक शनिवारी निघतानाच तास लिहून सही घ्यायची सवय लावावी, कारण मार्चमध्ये ऑक्टोबरचे तास कुणालाच आठवत नाहीत. आणि कॉलेजच्या अर्जांची मुख्य धावपळ जानेवारीच्या सुरुवातीला ओसरते. शाळेची तारीख परवानगी देत असेल, तर जानेवारीच्या मध्यापासून दहा शनिवार धरले की मार्च संपेपर्यंत ३० तास होतात, एखादा शनिवार बर्फात गेला तरी एप्रिल आहेच. तुमच्या यजमानांची अर्जांची काळजी यात सुटते.

मुलाने ठरवलंच की हा नियम चुकीचा आहे आणि आपण गप्प बसायचं नाही, तर? तर त्याला अडवू नका, पण नीट विरोध करायला सांगा. चोरून घेतलेली सही आणि तत्त्व, दोन्ही एकाच खिशात राहत नाहीत, हे त्याला समजेल. मेरीलँडच्या शिक्षण मंडळावर एक विद्यार्थी सदस्यही असतो. काउंटीच्या शाळा मंडळापुढे सामान्य नागरिकाला आपलं म्हणणं मांडता येतं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, मेरीलँडमध्ये या कामाचे तीन प्रकार मानतात: लोकांसोबत प्रत्यक्ष काम, पडद्यामागचं काम, आणि एखाद्या प्रश्नासाठी आवाज उठवणं. त्याने हा नियम बदलावा म्हणून काम केलं तर ते या तिसऱ्या प्रकारात बसेल का, हे समन्वयकाला विचारून बघायला हरकत नाही.

विरोध करायचा तर त्याला माझ्याकडून एक मुद्दा. "माझ्यावर सक्ती का" यापेक्षा मोठा मुद्दा आहे तो हा की नियम सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्या मुलाकडे गाडी आहे, आई घरी आहे, त्याला ३० तास जड नाहीत. शाळा सुटल्यावर दुकानात सहा तास उभी राहून घरभाड्याला हातभार लावणारी मुलगी, धाकट्या भावंडांना सांभाळणारा मुलगा, यांना तेवढेच तास फार महाग पडतात. मी माझ्या टेबलाशी अशी मुलं पाहिली आहेत. त्यातली दोन तर आधी अन्न न्यायला आलेल्या कुटुंबांतली होती आणि पुढच्या महिन्यात तास भरायला आली. या मुलांसाठी शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात काम उपलब्ध व्हावं अशी मागणी तुमच्या मुलाने केली, तर तिच्यात दम आहे. फक्त ती मागणी करणाऱ्याचे स्वतःचे तास खरे असावेत.

यजमानांशी बोलताना त्यांना खोटारडं ठरवू नका. परदेशात मूल वाढवताना बापाला वाटतं की आपल्या पोराच्या वाटेतला प्रत्येक खडा आपण उचलावा. त्यामागे माया आहे. त्यांना एवढंच विचारा, उद्या मुलाने त्यांना विचारलं, "बाबा, तुमच्या कामात तुम्ही असं कधी केलंय का?", तर ते काय सांगतील. आणि त्या मित्राला तुम्ही दोघांनी मिळून फोन करा. त्याचे आभार माना, आणि पुढच्या गणेशोत्सवाआधी मुलांकडून खरं काम कसं करून घेता येईल याबद्दल बोला. अशा संस्थांना हात लागतातच. सभागृह आवरायला सगळ्यांत शेवटी कोण थांबतं, ते त्यालाच विचारा.

या विषयावर इतर ठिकाणांहूनही पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. वॉशिंग्टन डीसीत १०० तास लागतात. कॅनडात ओंटारिओमध्ये १९९९ पासून ४० तास आहेत, आणि नववीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून ते सुरू करता येतात, तेव्हा शेवटच्या वर्षावर ढकलू नका. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या डिप्लोमात पूर्वी १५० तासांची अट होती, आता तास मोजतच नाहीत. सेवेसह तीन प्रकारचं काम साधारण दीड वर्षं सातत्याने केलेलं दाखवावं लागतं. मला ती दिशा अधिक बरोबर वाटते. ज्यांची मुलं अजून सातवी-आठवीत आहेत, त्यांनी एकच करावं: मुलाला महिन्यातून एकदा, एकाच ठिकाणी, तेच तेच लोक भेटतील असं जाऊ द्यावं. चार वर्षांत तास कधी झाले ते कळत नाही, आणि तिथल्या लोकांना तुमच्या मुलाचं नाव माहीत झालेलं असतं.

परत तुमच्या घरी येते. फॉर्मबरोबर मुलाला लिहायचं असतं, काय केलं आणि त्यातून काय कळलं. बहुतेक मुलं तिथे "लोकांना मदत करून छान वाटलं" असं एक वाक्य लिहून मोकळी होतात. तुमच्या मुलाने पहिल्या शनिवारी कुठेही काम केलं तरी, संध्याकाळी आजोबांना फिरवून आणल्यावर, त्याला एकच गोष्ट विचारा. दारात आजोबांचे पाय सुटायला त्याला किती वेळा "एक-दोन" म्हणावं लागतं, आणि त्या वेळात तो कुठे बघत असतो, त्यांच्या पायांकडे की चेहऱ्याकडे? उत्तर आलं तर मला कळवा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.